बव्हेरियाची सरकारी शाळा: साडेतीन स्टार, आणि दीड का कापला

इथे न्युर्नबर्गला लेकीची चौथी यंदा संपली, पहिलीपासून सगळं इथेच झालं, त्यामुळे बव्हेरियाच्या सरकारी शाळेचा रिव्ह्यू द्यायला आता हरकत नाही. तुलनेला माल घरातच आहे. भाऊ-वहिनी सिंगापूरला, भाचा तिथल्या सरकारी शाळेतून सहावी करून आता सेकंडरीत, आणि धाकटे दीर सांगलीत, पुतण्या एसएससीची दहावी देऊन अकरावीत. रिझल्टच्या सीझनला फॅमिली ग्रुपवर जे काय चालतं ते विचारू नका. "तुमचं काय बाई, सगळं फुकट" हे मला ऐकवलं जातं, "तुमच्याकडे नव्वद टक्के गल्लीगल्लीत मिळतात" हे दिरांना, आणि सिंगापूरवाल्यांना कोणी काही बोलत नाही कारण ते पिसात पहिले.

पिसा म्हणजे ओईसीडीची, बहुतेक श्रीमंत देशांच्या त्या संघटनेची, १५ वर्षांच्या मुलांची परीक्षा. २०२२ च्या फेरीत गणितात सिंगापूर ५७५, फिनलंड ४८४, जर्मनी ४७५, ओईसीडीची सरासरी ४७२. आपण त्यात नाहीच. २००९ च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल उतरले होते, ७४ जणांत जवळजवळ तळाला गेले, मग प्रश्न आपल्या मुलांच्या परिस्थितीला धरून नाहीत असं म्हणत आपण जे बाहेर पडलो ते पडलोच. असो. मला स्वतःला या आकड्यांवरून शाळा निवडता येत नाही. मी बघते ते असं, की शाळा जे काम करत नाही ते घरात कोणाला तरी करावं लागतं, तर ते कोण करतं, त्याला किती पैसे लागतात, आणि ज्याच्या घरी करणारं कोणीच नाही त्या पोराचं पुढे काय होतं. खालचे सगळे स्टार त्यावरच दिलेत.

आधी कौतुक. फी शून्य. पुस्तकं शाळा देते आणि वर्ष संपलं की परत घेते, त्यामुळे पुस्तकाच्या पहिल्या पानावर आधीच्या पोरांची नावं ओळीने लिहिलेली असतात आणि खराब केलंत तर भरून द्यायचं. वह्या-शाईपेन आपलं आपण, त्याची यादी येते आणि तिच्यात कुठल्या विषयाच्या वहीला कुठल्या रंगाचं कव्हर तेही लिहिलेलं असतं, जर्मन ते जर्मनच. पहिलीच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात त्याच्याएवढा कागदी शंकू देतात, आत चॉकलेटं, पेन्सिली, छोटी खेळणी, आणि आजी-आजोबांसकट सगळं घर शाळेत लोटतं. आपल्याकडे मुंजीला असतं तेवढं वातावरण.

पण मला ही शाळा खरी आवडली ती चौथीतल्या सायकलच्या परीक्षेमुळे. पोरांना एका मैदानावर नेतात, तिथे लुटुपुटीचे रस्ते आणि खरे सिग्नल, खऱ्या पाट्या, आणि शिकवायला पोलीस. वाहनं उजवीकडून चालतात म्हणून डावीकडे वळणं सगळ्यात अवघड. आधी मान वळवून मागे बघायचं, मग डावा हात बाहेर, मग रस्त्याच्या मधल्या बाजूला यायचं, समोरून येणाऱ्याला जाऊ द्यायचं, वळताना परत एकदा मागे नजर टाकायची. लेखी वेगळी, प्रत्यक्ष चालवायची वेगळी. माझी पोरगी घरात जेवायच्या खुर्चीवर उलटी बसून हात दाखवत मागे बघत होती आणि मी पोळ्या लाटताना "समोरून ट्रक आला" म्हणून ओरडायचं, असा अभ्यास. ह्याला क्लास नाही, गाईड नाही, आईला जर्मन येत नसलं तरी काही बिघडत नाही. डॉक्टरची पोर आणि पार्सल टाकणाऱ्याची पोर एकाच मैदानावर एकाच पोलिसाकडून शिकतात आणि दोघींना तोच शिक्का मिळतो. सगळी शाळा अशी असती तर पाच स्टार देऊन मोकळी झाले असते.

तशी ती नाही. आठला भरते आणि पहिली-दुसरीला काही वारी सव्वाअकराच्या सुमारास सुटते. हो, सकाळच्या. त्यानंतर होर्ट नावाचं प्रकरण असतं, दुपारचं जेवण, गृहपाठ, खेळ, पण त्याची फी वेगळी आणि जागा मिळेल याची खात्री नाही. आम्हाला पहिलीला मिळाली नाही, कोणाला तरी अकरा वाजता गेटवर उभं राहायला हवं होतं, नवऱ्याचा पगार जास्त म्हणून ती मी झाले आणि नोकरी अर्धवेळ केली, ती अजून अर्धवेळच आहे. तर "सगळं फुकट" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की माझा अर्धा पगार त्यात धरा. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा कायदेशीर हक्क दिलाय, दरवर्षी एक एक इयत्ता वाढवत तो चौथीपर्यंत न्यायचाय. कायदा चांगलाच आहे, पण सांभाळणारी माणसं कुठून आणणार हे इथल्या पालकसभेत सगळे एकमेकांना विचारतात.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे हा रिव्ह्यू लिहायला बसले. इथे ग्रेड १ ते ६, १ सगळ्यात चांगली. चौथीच्या मे महिन्यात एक सर्टिफिकेट मिळतं आणि त्यात तीन विषय मोजतात, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास. तिन्हींची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिमनाझिउम, म्हणजे सरळ युनिव्हर्सिटीच्या रस्त्याची शाळा. २.६६ पर्यंत रेआलशूले, मधल्या पातळीची. त्याच्या पुढे मिटेलशूले, सगळ्यात खालची. गणित करून बघा, २, २, ३ आले तर गिमनाझिउम, २, ३, ३ आले तर रेआलशूले. एका विषयातल्या एका ग्रेडवर शाळा बदलते आणि मूल असतं दहा वर्षांचं, दुधाचे दात अजून पडतायत. ग्रेड कमी पडली तर ट्रायलचे वर्ग असतात, जर्मन आणि गणिताचे, तिथे निभावलं तर वरची शाळा मिळते. नंतरही रेआलशूलेवरून फाखओबरशूले नावाची पुढची शाळा करून पुढे कॉलेजला जाता येतं, दारं बंद होत नाहीत हे खरं आहे आणि इथले मास्तर दर सभेत तेच सांगतात. पण चौथीच्या वर्गात त्या वर्षभर जे वातावरण असतं ते मी बघितलंय. आया गेटवर एकमेकींना ग्रेड विचारत नाहीत, पण सगळ्यांना सगळ्यांच्या माहीत असतात.

आणि खरी गोम अशी की त्या तीन विषयांतले दोन पेपर जर्मनचे आहेत, परिसर अभ्यास नुसता नावाला वेगळा. पाण्याच्या चक्राचा पेपर होता, लेकीने बाष्प, ढग, पाऊस सगळं बाण काढून बरोबर दाखवलं, खाली "कारण लिहा" होतं तिथे मुद्दा बरोबर पण वाक्य अर्धवट, मार्क कापला. भेटायला गेले तर बाईंनी फार गोड आवाजात सांगितलं की घरी जरा जर्मन वाढवा. घरी कोण वाढवणार? मी जर्मनची बी१ परीक्षा पास, बेकरीत आणि डॉक्टरकडे निभावते, नवऱ्याचं ऑफिस दिवसभर इंग्लिशमध्ये. लेकीच्या मैत्रिणीची आई रोज संध्याकाळी स्वतः डिक्टेशन घ्यायची, नामाचं पहिलं अक्षर मोठं, नामाआधी डेर की डी की दास, तिची पोर हुशार आहेच पण आईही हुशार जर्मन आहे. म्हणजे चौथीला परीक्षा नक्की कोणाची झाली? हे माझं रडगाणं आहे असं समजू नका, पिसाचा पहिला निकाल २००१ च्या डिसेंबरात आला तेव्हा जर्मनीत जो हाहाकार उडाला त्यात मार्क कमी पडले हे एक होतंच, पण आईबापांच्या परिस्थितीवर मुलाचे मार्क किती अवलंबून आहेत यात जर्मनी वाईट अर्थाने पुढे निघाला हे जास्त झोंबलं होतं. तेव्हापासून बरंच बदललं म्हणतात. दहाव्या वर्षीची चाळणी बव्हेरियात जागची हलली नाही. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे, हेसेनसारख्या राज्यात शेवटचा शब्द पालकांचा असतो, सोळा राज्यं सोळा तऱ्हा, त्यामुळे "जर्मनीत असं असतं" असं कोणी म्हणालं की आधी राज्य विचारायचं.

मात्र गिमनाझिउम हुकलं की आपले लोक जे तोंड पाडून बसतात तेही मला पटत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा रेआलशूले करून मेकॅट्रॉनिक्सच्या आउसबिल्डुंगला लागला, साडेतीन वर्षांचं शिक्षण, आठवड्यात एक-दोन दिवस शाळा, बाकी दिवस कारखान्यात हातात पाना घेऊन, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. असे सव्वातीनशेच्या आसपास धंदे आहेत, सुतार, बेकर, दातांच्या दवाखान्यातली असिस्टंट, लोकोपायलटपर्यंत सगळं, प्रत्येकाचा अभ्यासक्रम देशभर ठरलेला. आपल्याकडे आयटीआय केलेल्या पोराला लग्नाच्या बाजारात काय भाव मिळतो ते सांगायला नको, इथे त्याच पोराला वीस-एकविसाव्या वर्षी भाड्याचं घर आणि जुनी गाडी परवडते. ह्या एका गोष्टीसाठी मी जर्मनीला कितीही शिव्या घातल्या तरी स्टार काढून घेणार नाही.

जाता जाता एक सुट्टीचं. शाळा सक्तीची म्हणजे खरोखर सक्तीची, घरी शिकवतो म्हणाल तर चालत नाही, आणि तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी भारतात निघालात तर बव्हेरियात एअरपोर्टवर पोलिसांनी मुलाची शाळा विचारल्याची आणि दंड झाल्याची उदाहरणं आहेत. दिवाळी बहुतेक वेळा सुट्टीत बसत नाही. आमच्या पोरीने दिवाळीचा किल्ला फोनवर बघितलाय.

आता सिंगापूर. तिथली चाळणी बारा वर्षांला, सहावीच्या शेवटी, नाव पीएसएलई. चार विषय, प्रत्येकाला १ ते ८ लेव्हल, ९० किंवा त्याच्या वर मार्क असतील तर लेव्हल १, बेरीज ४ आली म्हणजे देव पावला, ३२ आली म्हणजे काही खरं नाही. २०२१ च्या गणिताच्या पेपरातला नाण्यांचा प्रश्न तेव्हा सगळीकडे फिरला होता, भाच्याने तो मला फोनवर घातला. हेलन आणि आयव्हन दोघांकडे सारखीच नाणी. हेलनकडे २० सेंटची ६४, बाकी ५० सेंटची. आयव्हनकडे २० सेंटची १०४, बाकी ५० ची. कोणाकडे किती पैसे जास्त? मी क्ष धरून कागद काळा करायला घेतला. भाचा म्हणाला, "आत्या, क्ष कशाला? आयव्हनकडे छोटी नाणी ४० जास्त, म्हणजे मोठी ४० कमी, एका नाण्यामागे ३० सेंटचा फरक, हेलनकडे १२ डॉलर जास्त." पुढे नाण्यांच्या वजनाचाही भाग होता, तोही त्याच वाटेने सुटतो. पोरांना पट्ट्या काढून विचार करायला शिकवतात, आधी वस्तू हातात, मग चित्र, मग आकडा, आणि हे वर्गातच शिकवतात, अगदी चांगलं शिकवतात. शिक्षकांना ट्रेनिंगच्या काळात पगार आणि नोकरीत लागल्यावर वर्षाला १०० तासांपर्यंत शिकायचा हक्क. हे मला चारही बाजूंनी पटलं.

मग वहिनींना विचारलं, इतकी चांगली शाळा आहे तर ट्यूशन कशाला? "ताई, शाळा चांगलीच आहे हो, पण बाकीचे सगळे लावतात ना." झालं. ह्या एका वाक्यावर तो सगळा उद्योग उभा आहे. २०२३ च्या सरकारी पाहणीत तिथल्या कुटुंबांचा ट्यूशनवरचा वर्षाचा खर्च १.८ अब्ज सिंगापूर डॉलर निघाला, त्याच्या पाच वर्षं आधी १.४ होता. सरकारने मधल्या काळात खालच्या वर्गातल्या परीक्षा काढल्या, सहामाही काढली, २०२४ पासून सेकंडरीत पोरांच्या तुकड्या पाडणारे एक्सप्रेस-नॉर्मल असे शिक्के पण गेले, आता विषयवार पातळी ठरते. खर्च काही खाली आला नाही. भाऊ म्हणतो, सहामाही गेली तर पोरगं कुठे आहे ते कळायला अजून एक क्लास लावला. अजून एक गंमत, मातृभाषा हा विषय तिथे सक्तीचा आणि पीएसएलईत मोजतात, पण भारतीय मुलांच्या यादीत तामिळ, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू आहे, मराठी नाही. त्यामुळे माझा भाचा "मातृभाषा" म्हणून हिंदीचे निबंध लिहितो, आणि आजीशी बोलायची मराठी घरखर्चात.

सांगलीचं सांगते. एसएससीची चाळणी सगळ्यात उशिरा, दहावीला, आणि खरं सांगू का, दहाव्या वर्षीपेक्षा पंधराव्या-सोळाव्या वर्षी हे कितीतरी माणुसकीचं आहे. पोरगं सातवीपर्यंत क्रिकेट खेळलं, आठवीत जागं झालं, नववीत लागलं मार्गाला, असं आपल्याकडे होऊ शकतं, बव्हेरियात त्या पोराला आधी फिरून यायला लागतं. बालभारतीची पुस्तकं स्वस्त आहेत, पीडीएफ फुकट आहेत, मी इथे लेकीला मराठी वाचायला त्यातूनच बसवते. (मधे पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली होती, दप्तर हलकं व्हावं म्हणून, पोरांनी पुस्तकही नेलं आणि वहीही नेली, शेवटी २०२५ ला ती पानं गेली.)

पण मग ती चाळणी चाळते तरी काय? २०२५ ला दहावीचा निकाल ९४.१० टक्के, आणि २११ मुलांना शंभर टक्के. शंभर! सहातले बेस्ट पाच विषय, त्यात शाळेच्या हातातले २० मार्क, वर खेळाचे-चित्रकलेचे वाढीव. पुतण्याला ९१ पडले तर जाऊबाईंनी पेढे वाटताना आवाज खालीच ठेवला होता. ज्या परीक्षेत सगळेच वर येतात तिचा निकाल कॉलेजवाल्यांनाही फारसा कामाचा नसतो आणि मुलालाही आपल्याला काय जमतं ते कळत नाही, मग खरी चाळणी कुठे लागते, तर जेईई-नीटला, आणि तिची तयारी शाळेत होत नाही. तिथे सुरू होतो इंटिग्रेटेडचा मामला. नाव कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजचं तोंड प्रॅक्टिकलला आणि परीक्षेला. दिरांनी दोन वर्षांची जी फी भरलीय ती इथे लिहिली तर ग्रुपवर भांडण होईल, पण चारचाकी घ्यायची पुढे ढकललीय एवढं समजा. ज्याला चारचाकी ढकलायची सोयच नाही त्याचं पोर ९१ टक्के घेऊन बसतं.

आणि हे तर शहरातलं झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर वर्गात किती वेळ असतो ते एकदा मोजा, मतदारयाद्या त्याच्याकडे, निवडणूक ड्युटी त्याच्याकडे, पोषण आहाराचा हिशोब त्याच्याकडे, रोज एक नवी लिंक भरायची तीही त्याच्याकडे. असर या शिक्षण पाहणीचे अहवाल दर वेळी सांगतात की गावाकडच्या पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा धड वाचता येत नाही, आपण दर वेळी हळहळतो. त्याच व्यवस्थेतून परितेवाडीचे डिसले गुरुजी २०२० ला जगातल्या सर्वोत्तम शिक्षकाचं बक्षीस घेऊन येतात आणि अर्धी रक्कम बाकीच्या फायनलिस्टना वाटतात. माणसं आहेत हो आपल्याकडे. त्यांना शिकवू द्या म्हणजे झालं.

फिनलंडचं काय, असं कोणीतरी विचारणारच. तिथे माझं कोणी राहत नाही, त्यामुळे स्टार देत नाही. सातव्या वर्षी शाळा, १९४८ पासून सगळ्यांना गरम जेवण फुकट, शिक्षकाला मास्टर्स लागतं, बारावीच्या आसपास एकच मोठी परीक्षा, नववीपर्यंत चाळणी नाही. माझ्या निकषावर कागदावर तरी सगळ्यात वरचा नंबर. पण त्यांचेही पिसाचे आकडे २००६ नंतर घसरत आलेत, त्यामुळे फिनलंडचं नाव घेऊन पुण्या-मुंबईत जे महागडे प्रीस्कूल उघडतात त्यांना आधी विचारा की तिकडे शाळा फुकट असते ना?

तर स्टार असे. बव्हेरिया साडेतीन, सायकलचा एक, आउसबिल्डुंगचे दोन, बाकीचा अर्धा त्या बाईंच्या गोड आवाजाला. सिंगापूर तीन, शिकवतात अप्रतिम पण आईबाप दमतात आणि खिसाही. एसएससी अडीच, त्यातले दीड उशिरा चाळल्याबद्दल, एक बालभारतीला. दीर भांडतील, भांडू देत.

आणि हे वाचून कोणी जर्मनीला ट्रान्स्फर घेत असेल तर. मूल पहिलीच्या आत असेल तर बिनधास्त या, वर्षभरात तुमच्यापेक्षा चांगलं जर्मन बोलेल. तिसरी-चौथीत असेल तर बव्हेरियाला नाही म्हणता येतं का बघा, बर्लिन मिळत असेल तर घ्या, दोन वर्षं जास्त मिळतात, कारण इथे आलेलं नवं पोर आधी भाषेच्या वर्गात बसतं आणि मे महिना त्याच्यासाठी थांबत नाही. मूल आठवी-नववीत असेल आणि इंटरनॅशनल स्कूलची फी कंपनी भरणार नसेल तर मी तरी या म्हणणार नाही. आणि पहिलीला येणार असाल तर घर बघायच्या आधी होर्टचा फॉर्म भरा.